बघे आणि वऱ्हाडी

वर्तमानपत्रांच्या भाषेत काही वाक्ये कायमची ठेवणीतली असतात. त्यांतले एक असे की, भर बाजारात अमुक प्रकार घडत होता आणि जमलेल्या लोकांनी मात्र बघ्याची भूमिका घेतली. ‘बघ्या’ हा शब्द मराठीत निंदेखेरीज दुसऱ्या कामाला सहसा येत नाही. हात असून जो ते हलवीत नाही, तोंड असून जो बोलत नाही आणि घरी काम पडले असता जो दुसरीकडे उभा असतो, तो बघ्या. परंतु गंमत अशी की, हाच मनुष्य नाट्यगृहाची पायरी चढला की तत्काळ ‘रसिक’ होतो. गाण्याच्या बैठकीत लोडाला टेकून त्याने योग्य जागी मान हलविली तर तो ‘जाणकार’ ठरतो. साहित्यसंमेलनाच्या मंडपात त्याला दुपारची डुलकी लागली तरी त्याचे ‘साहित्यप्रेमी’ हे बिरुद कोणी काढून घेत नाही. यवतमाळात अशी दोन अखिल भारतीय संमेलने भरली. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. दोन्ही वेळा मंडपात बसलेल्यांना कोणी बघे म्हटल्याचे ऐकिवात नाही. तोच यवतमाळकर हिवाळ्यात एखाद्या गावी शंकरपट पाहायला निघाला, की घरची मंडळी कपाळाला हात लावतात: ‘झालं! आता दिवसभर उन्हात उभे राहायला चालले!’

दिवाळीच्या दिवसांत हा वाद घरोघर ऐकू येतो. स्वयंपाकघरात करंज्या तळल्या जात आहेत, बाहेरच्या खोलीत नातू क्रिकेटचा सामना पाहतो आहे आणि आजोबा म्हणताहेत, ‘अरे, नुसता पाहतोस काय? मैदानावर जाऊन खेळ की!’ नातू म्हणतो, ‘एवढी ओव्हर होऊ द्या.’ करंज्या तळणारीचे मत कोणी विचारीत नाही. विचारले तर ती म्हणेल की खेळणारे, पाहणारे आणि उपदेश करणारे असे तिघेही खाण्याच्या वेळी सारखेच हजर असतात.

आजोबांचा निवाडा म्हटला तर सरळ आहे. खेळणे हे पुण्य आणि पाहणे हा आळस. परंतु पाहणे ही एक कृती आहे की कृतीचा अभाव, हा प्रश्न त्याने सुटत नाही. भरतमुनींना तो महत्त्वाचा वाटला होता. नटाने काय करावे हे सांगून ते थांबले नाहीत. प्रेक्षक कसा असावा, हेही त्यांनी नाट्यशास्त्रात सांगितले; आणि पात्राच्या आनंदाने आनंदणारा, त्याच्या शोकाने व्याकुळ होणारा तोच खरा प्रेक्षक असे मानले. नाटकाचा प्रेक्षक आपल्याकडे असा शास्त्राने प्रतिष्ठित केला. खेळाच्या प्रेक्षकाला मात्र कोणी भरतमुनी भेटला नाही. त्याची बाजू तपासायची तर जरा लांबून आरंभ केलेला बरा. इतक्या लांबून, की जेथे पुरुष घागऱ्यासारखे वस्त्र नेसून फुटबॉल पाहायला जातात.

घागरा म्हटलेले त्या लोकांना खपायचे नाही, म्हणून त्यांचाच शब्द वापरू. स्कॉटलंडचा किल्ट म्हणजे चौकड्यांच्या लोकरी कापडाचे, मागे चुण्यांवर चुण्या घातलेले, गुडघ्यापर्यंत येणारे वस्त्र. पुरा किल्ट करायचा तर जुन्या हिशेबाने आठ वार कापड लागते. म्हणजे आपल्या नऊवारीहून एकच वार कमी! कमरेपुढे कातडी बटवा लोंबतो, पायांत जाड लोकरी मोजे असतात, आणि अंगात मात्र संघाची निळी जर्सी. लग्नकार्याला नेसायचे हे वस्त्र नेसून स्कॉटिश मनुष्य फुटबॉलच्या सामन्याला जातो. एकटादुकटा नव्हे, हजारोंनी जातो. या समुदायाला ‘टार्टन आर्मी’ म्हणतात. टार्टन म्हणजे त्या चौकड्या, तेव्हा मराठीत ‘चौकड्यांची फौज’ म्हणायला हरकत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये ही फौज युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेसाठी जर्मनीत उतरली. १४ जूनला म्युनिकमध्ये पहिल्याच सामन्यात स्कॉटलंडने यजमानांकडून १–५ असा सपाटून मार खाल्ला. पुढे स्वित्झर्लंडशी कशीबशी बरोबरी झाली. आणि शेवटी स्टुटगार्टला, खेळ संपता संपता, वाढवून दिलेल्या वेळातल्या अगदी अखेरच्या क्षणी हंगेरीने गोल करून त्यांना घरची वाट दाखविली. तीन सामने, विजय एकही नाही. आपल्याकडे एवढ्यावर खेळाडूंच्या घरांवर दगड पडले असते. ही मंडळी मात्र शहराशहरांतून बॅगपाइप वाजवीत, गात, यजमानांच्या गळ्यात पडत हिंडली, आणि जर्मन लोकांनी त्यांना मोठ्या प्रेमाने निरोप दिला. हरलेल्या संघाचे पाठीराखे जिंकलेल्या देशात इतके लोकप्रिय व्हावेत, हे सहसा पाहायला मिळत नाही.

ही फौज नव्हेच. आपल्या भाषेत हिला नेमका शब्द आहे: वऱ्हाड. लग्नातला वऱ्हाडी पाहा. तो नवरा नाही, नवरी नाही, भटजीही नाही. मुख्य विधीत त्याचा भाग म्हणजे अक्षता टाकण्यापुरता. तरीपण तो बघ्या नाही. तो ठेवणीतले कपडे घालून आलेला असतो, तो कोणाच्या तरी बाजूचा असतो, त्याचा मान असतो आणि त्या मानाबरोबर काही जबाबदाऱ्याही असतात. त्याने पंक्तीत भांडण काढले तर नाचक्की वरपक्षाची होते. आणि तो आलाच नाही, तर विधी सगळे होतील, पण ते लग्न लग्नासारखे वाटणार नाही. किल्ट नेसलेल्या माणसाचे अगदी हेच. चौकड्या अंगावर चढल्या की तो तिकीट काढून आलेला इसम राहत नाही. त्याच्या वागण्यावरून त्याच्या घराची पारख होणार असते.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की यवतमाळच्या मनुष्याला हा शब्द सुचण्याला दुसरेही कारण आहे. आम्ही जन्मानेच वऱ्हाडी. जुन्या वऱ्हाड प्रांतातला हा जिल्हा. भाषेनेही वऱ्हाडी, लग्नातही वऱ्हाडी. उरलेल्या महाराष्ट्राला या श्लेषाची ओळख लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाच्या नावावरून सहज होईल, जरी तेथले वऱ्हाड लग्नाचेच आहे. आणि गंमत पाहा, स्कॉटिश लोकांचे वऱ्हाडही कित्येक वर्षे अक्षरशः लंडनलाच निघत असे! इंग्लंड-स्कॉटलंड सामना एका वर्षी ग्लासगोत तर दुसऱ्या वर्षी लंडनच्या वेंब्लीवर, असा क्रम होता. आणि लंडनच्या वारीसाठी तिकडचे कामगार दोन दोन वर्षे पैसे साठवीत.

ते वऱ्हाड नेहमीच गुणी होते असे मात्र नाही. ४ जून १९७७ रोजी वेंब्लीवर स्कॉटलंडने इंग्लंडला २–१ असे हरविले, तेव्हा हे पाहुणे कुंपण ओलांडून मैदानात घुसले, हिरवळीचे तुकडे आठवण म्हणून उपटून नेले आणि गोलाचे खांब मोडून टाकले. लग्नाला जाऊन मांडवाचे खांब उपटून आणण्यासारखेच हे! पुढच्या दशकात इंग्लंडच्या पाठीराख्यांची दंगलखोर म्हणून युरोपभर बदनामी झाली. तेव्हा स्कॉटिश मंडळींनी मनाशी ठरविल्यासारखे केले की, आपण त्यांच्यासारखे दिसायचे नाही. याच सुमारास गळपट्टे आणि टोप्या यांच्या जोडीला किल्ट मोठ्या संख्येने दिसू लागले, आणि १९९२ च्या स्वीडनमधील स्पर्धेत युरोपच्या फुटबॉल संघटनेने याच पाठीराख्यांच्या वर्तनाचा गौरव केला. पंधरा वर्षांत खांब मोडणारे ते खांब सांभाळणारे झाले. पोलिसांनी त्यांना सुधारले असे मला वाटत नाही. एखादा आडदांड गडी पिऊन हात उगारू लागला तर शेजारचा किल्टवाला त्याचा हात धरू लागला, कारण नाक कापले जाणार ते दोघांचे.

येथे एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, हा किल्ट तरी अस्सल कुठे आहे? त्याचे म्हणणे खोटे नाही. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ च्या कायद्याने डोंगरी स्कॉटिश लोकांच्या या वेषावर बंदी घातली. ती १७८२ साली उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी स्वागताचा असा थाट उडवून दिला की, एका डोंगरी मुलखाचा वेष साऱ्या राष्ट्राचा होऊन बसला. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी तर १९८३ साली लिहिले की, आजचा आखूड किल्ट ही मुळात एका इंग्रज कारखानदाराची कल्पना. तिकडे यावर अजून वाद चालतो. पण समजा ते खरे धरले, म्हणून काय बिघडले? आपल्याकडे आज प्रत्येक समारंभात पाहुण्यांच्या डोक्यावर बांधला जाणारा तयार फेटा तरी आजोबांच्या पेटीतून थोडाच निघालेला असतो? वस्त्र कोठून आले यापेक्षा ते अंगावर चढल्यावर मनुष्य कसा वागतो, हे मला अधिक विचारात घेण्यासारखे वाटते.

आता आजोबांच्या आक्षेपाकडे वळू, कारण त्यामागे आमच्या वऱ्हाडाची एक थोर परंपरा उभी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी काढले. लाल मातीत अंग घासल्याखेरीज शरीर कमावले जात नाही आणि शरीर कमावल्याखेरीज देश उभा राहत नाही, ही त्या काळाची श्रद्धा होती. त्या श्रद्धेने विदर्भातल्या गावोगावी आखाडे उभे केले. ज्या पिढीने मल्लखांबावर हात सोलून घेतले, तिला बाकावर बसून शेंगा खाणाऱ्याचा राग यावा हे स्वाभाविकच होते. पण याच मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले आणि त्याने तेथे कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखविले. कोणाला? पाहणाऱ्यांना! अमरावतीच्या मातीतला खेळ जगाला ठाऊक व्हावा म्हणून परक्या मुलखातले प्रेक्षकच कामी आले. कुस्तीच्या आखाड्यापेक्षा कुस्तीचे मैदान नेहमी मोठे असते, हे राजर्षी शाहूंनीही ओळखले होते; म्हणून तर कोल्हापूरचे खासबाग मैदान हजारोंना चहूबाजूंनी बसून पाहता येईल असे बांधले गेले. खेळणारा आणि पाहणारा यांत वैर कल्पिणारे विसरतात की, लहानपणी कडेला उभा राहून ज्याने पाहिलेच नाही, तो पुढे मातीत उतरतच नाही.

तथापि आजोबांचा राग सर्वस्वी अस्थानी आहे, असेही मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे बसलेला नातू पाहतो आहे तो सामना कोणाचा? अंगात पिवळी जर्सी आहे, ती चेन्नईची. शेजारच्या मुलाच्या अंगात निळी, ती मुंबईची. २००८ साली शहरांच्या नावांचे विकतचे संघ निघाले, त्यांत विदर्भाच्या वाट्याला एकही आला नाही. तेव्हा आमची पोरे दरसाल उन्हाळ्यात दुसऱ्याच्या लग्नात नाचतात. छातीवर ज्या कंपनीचे नाव असते तिच्याशी त्यांचे नाते गिऱ्हाइकापलीकडचे नाही, आणि पुढच्या वर्षी खेळाडू दुसऱ्या संघाला विकला गेला की जर्सीही बदलते. आमंत्रण नसता मांडवात शिरलेल्या माणसाला जेवण मिळते, पण मान मिळत नाही आणि त्याच्यावर कसली जबाबदारीही येत नाही. बघ्या हा शब्द कोणाला लावायचाच असेल तर येथे लावावा.

आणि घरचे लग्न? स्कॉटलंडचे आणि आमचे येथे चमत्कारिक साम्य आहे. स्कॉटलंड हे स्वतंत्र राज्य नाही. २०१४ सालच्या मतदानात तेथील बहुमताने ते नकोच म्हटले. पण फुटबॉलचा संघ त्यांचा स्वतःचा आहे, आणि तो आजकालचा नव्हे. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, आणि तोही एका क्रिकेट क्लबाच्या मैदानावर. तसेच विदर्भ हे राज्य नाही. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी त्याचा हयातभर पुरस्कार केला, पण तो विषय दिवाळीच्या फराळाबरोबर वाढण्याचा नव्हे. मात्र क्रिकेटचा संघ विदर्भाच्या नावाचा आहे. आणि तो नुसता आहे एवढेच नव्हे, तर १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीस हरवून त्याने प्रथमच रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी तो राखला आणि २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा मिळविला. हे आमच्या घरचे कार्य. त्याला वऱ्हाड किती जमते? रणजी सामन्यांना बहुधा बाकेच हजर असतात, हे सांगायला नकोच.

अक्षय कर्णेवारचे उदाहरण घ्या. हा यवतमाळ जिल्ह्याचा मुलगा, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. उजव्या हाताने खेळणारा समोर आला की एक हात, डावखुरा आला की दुसरा. २०२१ च्या नोव्हेंबरात आंध्र प्रदेशात मणिपूरविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात त्याने चार षटके टाकली आणि एकही धाव दिली नाही. चारही षटके निर्धाव, दोन बळी. वीस षटकांच्या क्रिकेटात असे पूर्वी कोणी केलेले नव्हते. चेन्नईच्या पिवळ्या जर्सीतल्या आमच्या मुलाला हे नाव विचारून पाहा. चार निर्धाव षटकांतला तो ताण, चौथ्या षटकाच्या शेवटच्या चेंडूला धरलेला श्वास, हे सगळे पाहायला जिल्ह्याचे कोणी तेथे असते तर त्याने ते आयुष्यभर सांगितले असते. अंगावर तिरंगा रंगवून, शंख फुंकीत देशोदेशी हिंडणारा मुजफ्फरपूरचा सुधीरकुमार सर्वांना माहीत आहे. त्याच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण एका माणसाचे वऱ्हाड होत नाही.

महाराष्ट्रात खरे फुटबॉलचे वऱ्हाड पाहायचे तर कोल्हापुरास जावे. तेथील संघ कंपन्यांचे नाहीत, तालमींचे आहेत: पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे घर. शाहू स्टेडियमवर सामना असला की दोन पेठा समोरासमोर बसतात. कधी कधी त्यांचा उत्साह दगडापर्यंत जातो आणि सामना राहतो बाजूला. त्यांना अजून आपला १९९२ गाठायचा आहे. तरी मी म्हणेन की, त्या गर्दीत बघ्या कोणी नाही. तेथे दुखणे निराळे आहे. जवळचे म्हणाल तर नागपूरपलीकडे कामठीची छावणी आणि तिच्या आसऱ्याने वाढलेले फुटबॉल, रब्बानी क्लबासारखे जुने संघ. हिंदुस्थानात हा खेळ रुजविण्यात गोऱ्या पलटणींचा मोठा हात. १८८८ साली सिमल्यास पहिला ड्युरंड करंडक झाला तो दोन स्कॉटिश पलटणींमध्येच. तेव्हा चौकड्यांची ही मंडळी आपल्याला अगदीच परकी नाहीत.

पण यवतमाळचा स्वतःचा खेळ कोणता, ज्याला येथला मनुष्य बोलावण्याची वाट न पाहता जातो? माझ्या मते शंकरपट. हिवाळ्यात, कपाशीची वेचणी ओसरू लागली की, यवतमाळ, अमरावती, वर्धा, चंद्रपूर या भागांत गावोगावी पट भरतात. हलका छकडा, त्याला दोन बैलांची जोडी, वर एकच धुरकरी, आणि नांगरून, सपाट करून घेतलेली सरळ वाट. सारा खेळ काही सेकंदांचा. जिल्ह्याच्या वेशीपलीकडचे, अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर या खेळासाठी प्रसिद्ध आहे. तेथे महिलांचाही पट होतो आणि लुगड्याचा पदर खोचून बायका जोडी हाकतात. कडेला उभे असलेल्यांच्या अंगावर चौकड्या नसतात, पण गळ्यात दुपट्टा असतो, डोक्याला फेटा असतो, आणि कोणत्या जोडीकडून आपण उभे आहोत हे विचारल्यावर सांगावे लागत नाही असे काहीतरी चेहऱ्यावर असते. ध्वनिक्षेपकावरून जोडीच्या मालकाचे नाव, गावाचे नाव पुकारले जाते. बैलांचीही नावे असतात. पोळ्याला याच बैलांच्या कपाळावर आपण बाशिंग बांधतो. बाशिंग नवरदेवाच्या कपाळी बांधायचे! मग कडेला उभ्या असलेल्याला वऱ्हाडी म्हटले तर मी काही उपमा ओढूनताणून आणली असे होत नाही.

यावर गंभीर माणसे म्हणतात: यवतमाळसारख्या जिल्ह्याने असले शोक करावेत काय? बाहेरच्या वाचकाला यवतमाळ म्हटले की कापूस आठवतो, आणि कापसापाठोपाठ कर्ज आणि त्या कर्जापायी गेलेली माणसे. बोंडअळीने खाल्लेले शेत मागे टाकून मनुष्य दिवसभर पटात उभा राहतो, हे शहरातल्या लेखकाला बेजबाबदारपणाचे वाटते. त्याला रोमन बादशहांची गोष्ट आठवते, लोकांना भाकरी आणि तमाशे देऊन गप्प ठेवण्याची. मला या युक्तिवादाचा राग येतो. संगीतनाटकाला गेलेल्या कारकुनाला त्याच्या कर्जाचा हिशेब कोणी विचारत नाही. रोमच्या प्रेक्षकाला तमाशा वरून दिला जाई. पट गाव स्वतः भरवते, वर्गणी काढते, रान मोकळे करून देते, पाहुण्यांना जेवू घालते. ज्याच्या हातात वर्षभर ना पाऊस असतो ना भाव, त्याला एक दिवस चार गावांत आपली जोडी मिरवता आली, तर तो गप्प होत नाही. उलट दुसऱ्या दिवशी पारावर तोच अधिक बोलतो. ज्याला दुःख आहे त्याने घरी बसून ते पाहत राहावे, हा न्याय कोणता?

दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहजी बाजूला सारता येत नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. कारण ऐकून मान खाली घालावी असेच होते. बैलाला पराणीची आर टोचणे, शेपूट पिळणे, दातांनी चावणे, पुढे पुढे तर विजेचा झटका देणे, हे प्रकार होत होते. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा बदलला, तो न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि काठी, चाबूक, टोचणी, वीज या सगळ्यांना मनाई आहे. कागदावर सगळे चोख आहे.

परंतु न्यायालय काही प्रत्येक पटात येऊन उभे राहत नाही. शिपाई येतो तो गर्दीच्या मागे असतो. पंचांचे लक्ष घड्याळावर, कारण निकाल सेकंदाच्या अंशावर लागायचा. जोडी सुटल्यापासून थांबेपर्यंत धुरकऱ्याच्या मुठीत काय आहे, ते दिसते फक्त कडेला दाटून उभे असलेल्यांना. त्यांनी आरोळी ठोकली तर आर टोचलेली जोडी पहिली येते. त्यांनी पाठ फिरविली तर त्याच धुरकऱ्याला चार गावांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. सात-आठ वर्षे पट बंद राहिले, जोड्या विकल्या गेल्या, बैल पाळण्याची हौसच मोडू लागली. हे नुकसान कोणामुळे झाले याचा विचार करताना मालकांना आणि धुरकऱ्यांना बोल लावला जातो. त्या काळात कडेला उभे राहून, आर दिसत असूनही टाळ्या देणाऱ्या हजारोंबद्दल कोणी काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही. त्यांनी बघ्याची भूमिका घेतली होती, हे वर्तमानपत्री वाक्य त्या वेळी वर्तमानपत्रांना का सुचले नाही, कोण जाणे. वेंब्लीवरचे खांब मोडले ते पुन्हा रोवता आले. बैलाच्या पाठीचे तसे नाही. म्हणून यापुढे पटाला जाणाऱ्याने ठेवणीतला फेटा बांधूनच जावे असे मला वाटते. ज्याच्या डोक्याला फेटा आहे त्याला, ‘तो हात खाली घे रे!’ असे चारचौघांत ओरडता येते, आणि ते ऐकलेही जाते.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी स्कॉटलंडने ग्लासगोत डेन्मार्कला ४–२ असे हरवून १९९८ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाची पात्रता मिळविली. त्या रात्री तिकडे पेट्यांतून किती किल्ट निघाले असतील, याची कल्पना करता येते. आमच्याकडे तेव्हा पटांचे दिवस जवळ आले होते. वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत गेले, तर पटाचा दिवस पटाबरोबर संपत नाही. सूर्य कलला की बैल सुटतात, धूळ खाली बसते, आणि तीच गर्दी, तेच दुपट्टे, तीच उन्हाने रापलेली तोंडे गावाबाहेर उभारलेल्या नाटकाच्या मंडपाकडे वळतात. नाटक रात्रभर चालायचे असते. दिवसभर ज्यांना रिकामटेकडे म्हटले गेले, त्यांना तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस कर्ण्यातून ‘या, रसिकहो!’ म्हणून हाका मारीत असतो.